अक्कांच्या नावचा दमा

आमच्या खात्यात बाईमाणसाला म्हातारी माणसं एकाच बाजूची मिळत. आईवडील, नाहीतर सासूसासरे. पुरुषांना हा घोर नव्हता. पुरुषाने आपले आईबाप लिहिले की काम संपलं. त्याच्या सासूला दमा आहे की मधुमेह, ते तिचा मुलगा बघून घेईल असं सरकारने धरूनच ठेवलेलं. बाईने मात्र विकल्प द्यायचा. त्यासाठी छापील नमुना होता आणि त्यात एक ओळ होती: 'माझ्यावर अवलंबून असलेले आई-वडील / सासू-सासरे', आणि खाली बारीक अक्षरात, 'लागू नसेल ते खोडावे.' एकदा खोडलं की ते नोकरी संपेपर्यंत खोडलेलंच राहायचं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी धुळ्याला कनिष्ठ लिपिक होते. आमचे यजमान एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबनीस होते, आणि तिथली औषधपाण्याची सवलत म्हणजे मालकाने 'तब्येतीला जपा' असं सांगणे. त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्यांच्या चिठ्ठ्या माझ्या नोकरीच्या खुंटीला टांगलेल्या. म्हातारी माणसं तीन. सासरी सासूबाई, ज्यांना अख्खी गल्ली अक्का म्हणायची. सासरे लग्नाआधीच गेलेले. माहेरी, पाचोऱ्याच्या पुढे पाच कोसांवर, आबा आणि माय. अक्कांना ब्लडप्रेशर होतं, रोजची एक साधी गोळी. आबा ठणठणीत. मायला मात्र दमा होता, आणि तो चिल्लर दमा नव्हता.

तोंडाने ओढायचा पंप तेव्हा नवलाईचा होता. भावाने कर्ज नाही पण बरीच ओढाताण करून तो एकदा पाचोऱ्याच्या मेडिकलमधून आणला. मायने त्याला हळदकुंकू लावलं आणि देवाच्या फळीवर ठेवला. ओढायची मात्र फार क्वचित. धाप लागली की आधी खाटेवर बसून पाहायची, मग भिंतीला टेकून पाहायची, मग लवंग चघळून पाहायची, आणि अगदीच डोळे पांढरे झाले की पंपाकडे हात करायची. डॉक्टरने दिवसातून चारदा सांगितला होता. मायने तो एक पंप दिवाळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत पुरवला. गावात सगळे तिचं कौतुक करत, बाई कशी काटकसरी. मला हे कौतुक ऐकून संताप यायचा.

तर तो नमुना माझ्या टेबलावर आला. आमचे बडेबाबू टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांना ऑफिसात सगळे भाऊसाहेब म्हणत. नियम त्यांना तोंडपाठ होते आणि माणसं आठवत नसत.

"विचार कसला करता, बाई? सासू ठेवा, आई खोडा. इथे सगळ्यांनी असंच केलंय."

मी पेन उघडलं आणि 'सासू-सासरे' खोडलं. भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. दुपारच्या चहापर्यंत ऑफिसच्या शिपायापासून पाणी भरणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

चौथ्या दिवशी कागद परत आला. आक्षेप असा की, अवलंबून असलेली व्यक्ती कर्मचाऱ्याजवळ राहात असली पाहिजे आणि शिधापत्रिकेवर तिचं नाव असलं पाहिजे. म्हणजे माय आमच्या रेशनकार्डावर हवी. मी शनिवारी चाळीसगावची पॅसेंजर धरली, तिथून पाचोरा, तिथून एस.टी., आणि मायपुढे जाऊन बसले. म्हटलं, धुळ्याला चल, निदान कार्डावर तरी ये.

मायने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला चोरीला चल म्हणते आहे. "आंडेरना घरनं पानी मी पेस नही, अन् दवाई खासू? जवाईना कार्डवर सासूनं नाव! त्यापरीस माले दम लागू दे."

आंडेर म्हणजे मुलगी. मुलीच्या घरचं खाऊ नये हा आमच्याकडचा जुना दंडक. माझ्याकडे ती एकदाच आली होती, तेव्हा पाण्याची कळशी आणि भाकरी बरोबर घेऊन आली होती, आणि मी केलेल्या चहाकडे असं बघत बसली होती की जणू तो चहा नसून पोलीस आहे. सरकारचा नियम आणि मायचा दंडक, दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण माझ्याविरुद्ध दोघांचं एकमत झालं होतं. आबा म्हणाले, "तिना नाद सोड." मी सोडला. पहिला नमुना मंजूरच झाला नव्हता, म्हणून सोमवारी नवा मागून घेतला आणि 'आई-वडील' खोडले. आईचा श्वास आपण आपल्या पेनाने बंद केला असंच मला वाटत होतं.

आता यातली गंमत. आमच्या ऑफिसात फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला महिना लागे. पण बातमीला सायकलही लागत नसे. भाऊसाहेबांचं घर आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून. पहिल्या नमुन्यात मी अक्कांना खोडलं होतं, हे मी घरी पोचायच्या आत अक्कांना कळलेलं होतं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. भाकरी मात्र करून ठेवायच्या आणि ताट सरकवताना त्याचा असा आवाज करायच्या की भांडण झाल्यापेक्षा जास्त ऐकू यावं. मी पण बोलले नाही. मला काही चुकीचं केल्यासारखं वाटत नव्हतं.

सोमवारी मी मायला खोडल्याची बातमीही माझ्याआधीच घरी पोचली. मी कामावरून आले, तर त्या ओट्यावर गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दमाना पंप कितलाले येस?"

मी किंमत सांगितली.

"अन् तुनी माय एक पंप कितला दिन पुरावस?"

मी म्हटलं, दिवाळी ते आखाजी. अक्कांचा हात सुपात थांबला. मग म्हणाल्या, "येडी शे का ती?" आणि सूप भिंतीला टेकवून उठल्या. नऊवारी नीट केली, पायात चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, चल.

आमचे डॉक्टर गल्लीच्या तोंडाशी बसत. वयस्क गृहस्थ, खोलीत एक बाक, एक पडदा आणि भिंतीवर हृदयाचं चित्र. अक्का स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, माले दमा शे."

"कधीपासून?"

"आजपाईन."

डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली. "अक्का, छाती तर एकदम साफ आहे तुमची."

"मनी साफ शे. मनी इहिननी नही."

इहिन म्हणजे विहीण. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मी सरकारी नोकर, खोट्या बिलाचं कलम मला चांगलं माहीत होतं. त्यांनी सगळं विचारून घेतलं, मायचं वय, धाप कधी लागते, बोटं निळी पडतात का. मग चिठ्ठ्यांचं पॅड पुढे ओढलं. म्हणाले, "म्हणजे दमा पाचोऱ्याला आणि चिठ्ठी धुळ्याला," आणि लिहायला लागले. मात्र त्यांनी एक अट घातली, दर दोन महिन्यांनी मायला खरोखर कुणीतरी तपासायचं आणि त्याची चिठ्ठी त्यांना दाखवायची. त्यांची ही अट आमच्या खात्याच्या सगळ्या अटींपेक्षा शहाणपणाची होती.

अशा रीतीने अक्कांना दमा झाला. गल्लीत चर्चा झाली. शेजारणी येऊन अडुळशाचा पाला देऊन गेल्या. अक्कांनी तो मुकाट्याने घेतला आणि आमच्या म्हशीवाल्याला दिला.

पंप मिळाला, पण तो मायपर्यंत कसा पोचवायचा? मी दिला तर ती घेणार नाही, मुलीचं म्हणून. जावयाने दिला तर अजूनच पंचाईत. अक्का म्हणाल्या, "मी जास." लग्नानंतर त्या कधी विहिणीच्या गावी गेल्या नव्हत्या, मुलाकडची माणसं होती ना. रीतीप्रमाणे मायनेच यायचं, मायनेच द्यायचं, लग्नात पापडाच्या टोपल्यांपासून सगळं मायनेच दिलेलं. तरी गेल्या. मी बरोबर होते. विधवेने ओटी भरू नये असाही एक दंडक होता, तो अक्कांनी उंबऱ्याबाहेर ठेवला. ओसरीवर मायला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि तिच्या पदरात ओटी घातली: गहू, नारळ, हिरवा खण, सुपारी, हळकुंड, दोन पंप आणि गोळ्यांची तीन पाकिटं.

मायने पदराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. यामागे मीच आहे असं तिला वाटलं असणार.

"इहिनबाई, हाई काय?"

"ओटी शे," अक्का म्हणाल्या. "ओटी कोनी पाछी करस का?"

सवाष्णीची भरलेली ओटी परत करता येत नाही. मायला मुलीच्या घरचं पाणी चालत नव्हतं, पण विहिणीची ओटी नाकारणं तिच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. ती पदर आवळून तशीच बसली. मग तिने डोळे पुसले आणि अक्कांच्या पाया पडली. आबा बाहेर जाऊन बैलाला विनाकारण पाणी पाजून आले.

त्यानंतर दर दोन महिन्यांनी ओटी व्हायला लागली. संक्रांत नाही, चैत्रगौर नाही, लग्नकार्य नाही. गावातल्या बायांना कळेना की या विहिणीवर त्या विहिणीचं एवढं प्रेम का उतू चाललं आहे. तिकडे माय पंप दिवसातून चारदा ओढू लागली. ओटीतली वस्तू जपून ठेवणं अशुभ, असं अक्कांनी तिला ठोकून दिलं होतं. असा काही शास्त्रार्थ नाही, पण अक्का सांगताना शास्त्र असल्यासारखंच सांगत. त्या हिवाळ्यात माय विहिरीपर्यंत चालत गेली. भावाने तसं पोस्टकार्ड टाकलं. ते मी ऑफिसात, फाइलीखाली धरून, चारदा वाचलं.

आता खात्याचं बघा. औषध घेतल्याचा पुरावा म्हणून रिकामे पंप आणि रिकामी पाकिटं बिलासोबत सादर करायची असत. ती पाहून, मोडून टाकली की बिल पुढे. म्हणजे मायने ओढून संपवलेले पंप धुळ्याला परत यायला हवेत. माय ते बिबड्यांच्या डब्यात घालून पाठवायची. मुलीकडून घ्यायचं नाही, पण मुलीकडे पाठवायला दंडकाची ना नव्हती. खाली बिबड्या, म्हणजे लसूण घातलेले ज्वारीचे पापड, मध्ये रिकामे पंप, वर पुन्हा बिबड्या. भाऊसाहेब तो पुरावा नाकाजवळ धरून म्हणायचे, "बाई, तुमच्या सासूच्या औषधाला लसणाचा वास कसा येतो?"

मी म्हणायचे, "त्यांना जेवल्यावर घ्यायला सांगितलंय."

दीड वर्ष हे सुरळीत चाललं. कुठल्याही खात्याला सुरळीत गोष्टीचा संशय येतो. एक दिवस पत्र आलं: सदर रुग्णाचा आजार दीर्घ मुदतीचा दिसतो, सबब सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी. पत्र घेऊन मी तशीच घरी आले. नोकरी जाणार, शिवाय पंप जाणार. नोकरीची मला भीती होती, पंपाची त्याहून जास्त होती.

अक्कांनी माझ्याकडून पत्र वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "तपासनीले कितला दिन शेतस?"

म्हटलं, बारा.

"मंग माले इहिनकडे धाड. दमा शिकनं पडी."

त्या आठ दिवस पाचोऱ्याकडे राहिल्या. शेवटच्या रविवारी मी आणायला गेले. सकाळचं ऊन अंगणात आलं होतं आणि दोघी खाटेवर समोरासमोर बसल्या होत्या. माय शिकवत होती. "अशी नही, इहिनबाई. खांदा वर ल्या. दोन शबद बोला, मंग थांबा. हात खाटले टेका." अक्का खांदे वर घेत, थांबत, हात टेकत. माय हसली, हसताना तिला ढास लागली, आणि ती ढास खरी झाली. तिचे खांदे वर चढले, गळ्याच्या शिरा ताणल्या, ओठ फिके पडले. अक्कांनी तिच्या हातात पंप दिला. तो लागू पडेपर्यंत त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यानंतर त्या दिवशी शिकवणी झाली नाही. परतीच्या गाडीत, चाळीसगाव जवळ आलं तेव्हा अक्कांनी खिडकीतून तोंड आत वळवलं. मग म्हणाल्या, "माले वाटे, दमा म्हंजे खोकला."

तपासणीच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांची खोली नेमकी माडीवर होती. दम्याच्या रोग्यांना माडीवर बोलावायचं, ही व्यवस्था कुणी केली ते मला माहीत नाही, पण आमच्या पथ्यावर पडली. अक्का एकेक पायरी चढल्या, चौथ्या पायरीला थांबल्या, कठड्याला हात टेकला, खांदे वर घेतले. मी मागे होते. पाठमोऱ्या त्या अगदी माय झाल्या होत्या. तीच मान, तेच दोन शब्द आणि थांबणं. डॉक्टरांसमोर बसल्यावर मला रडू आलं आणि ते आवरेना. डॉक्टर तरुण होते, बाहेर रांग मोठी होती. त्यांनी एकदा अक्कांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. नळी लावली का ते मला आठवत नाही. "बाई, रडू नका, औषध चालू ठेवा," असं म्हणाले आणि सही केली. जिना उतरताना अक्का मला म्हणाल्या, "तू काब्र रडी राह्यनी? तुन्हामुये तर पास व्हयनू मी."

त्या सहीवर मायला अजून एक वर्ष मिळालं. वर्षाला थोडं कमीच.

पौषात कापसाच्या दिवसांत ती गेली. सकाळी दहाची वेळ, पंप हातात होता आणि भरलेला होता. या वेळी काटकसर केली नव्हती. डॉक्टर म्हणाले की हृदय थकलं होतं. गावातल्या बाया म्हणाल्या, नशीबवान, अहेव गेली, भरल्या ओटीने गेली. मला त्या बायांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. अक्कांनी मायच्या पदरात शेवटची ओटी घातली, गहू, नारळ, खण. नेहमीच्या सवयीने त्यांचा हात पिशवीत आणखी काहीतरी शोधत राहिला.

मी कामावर रुजू झाले आणि तीन महिन्यांनी टेबलावर कागद आला. तीन महिने दम्याचं बिल आलं नाही, तरी रुग्णाची सद्यस्थिती कळवावी. बरी झाली असल्यास तसा नमुना भरून, रुग्णाचा अंगठा घेऊन, प्रकरण बंद करावं. भाऊसाहेब खूश होते. "अभिनंदन, बाई! दमा बरा होत नाही म्हणतात. तुमच्या सासूबाईंनी करून दाखवलं. पेढे आणा." दमा खरा कुणाला होता ते त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांच्यावर रागही धरता येईना. आई गेल्याची रजा मी घेतली होती, ती दुसऱ्या फाइलीत होती.

नमुना घरी आणला. 'मी पूर्ण बरी झाले असून मला आता औषधाची गरज नाही.' अक्कांना वाचून दाखवला आणि शाईची डबी उघडून पुढे ठेवली. अक्कांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

मी म्हटलं, "अक्का, नुसता कागद आहे. बिलांवर इतके अंगठे दिले, त्यात हा एक."

"दमा शे म्हनीसन दहा अंगठा दिनात," अक्का म्हणाल्या. "बरी व्हयनू म्हनीसन मी नही देवाव. कोन बरं व्हयनं? कोनीच नही."

मी खूप समजावलं. चौकशी होईल म्हटलं. माझी नोकरी म्हटलं. ज्या बाईने माडीच्या जिन्यावर सरकारला खोटा दमा दाखवला, तिला हे एवढं खोटं जमेना. शाई डबीत वाळून गेली. मग आम्ही दोघी त्या कागदासमोर बसून रडलो, सासू-सुना म्हणून एकत्र पहिल्यांदाच.

नमुना मी तसाच परत केला, शेरा मारून: रुग्ण अद्याप बरी नाही. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. औषध घेत नाही, बिल मागत नाही आणि बरीही होत नाही, असा रोगी त्यांच्या नियमांत बसत नव्हता. पण बिल नसल्यामुळे आक्षेपही घेता येईना. त्यांनी फाइल वरच्या कप्प्यात ठेवली. भाऊसाहेब निवृत्त झाले, दुसरे आले. दर वर्षी मार्चमध्ये विचारणा यायची आणि दर वर्षी मी त्याच रकान्यात तेच लिहायचे, 'रुग्ण आजारी आहे.' लिहून झालं की त्यातला शेवटचा शब्द मी पुन्हा एकदा वाचून घ्यायचे.